बाहेरून ऐकलेला डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मॉडेल रेल्वे क्लबचे कायमचे परीक्षक, व्यासपीठावर मधोमध अवघडून बसलेले सत्कारमूर्ती बोगीकाका, त्यांच्या शेजारी अजिबात न अवघडता बसलेल्या काकू, समोर जमलेले सभासद, आणि ज्यांची जेवणाची टेबलं आपण वर्षानुवर्षं अडवून ठेवली ती सभासदांची सोशिक घरची माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी काही भाषणं करणारा माणूस नाही. माझं कानाच्या मशीनचं दुकान आहे. समोर बसलेल्या माणसाला एकच वाक्य तीन तीनदा सांगण्यात माझं आयुष्य चाललंय. तेव्हा बोलणं लांबलं तर ती धंद्याची सवय समजा.

सुरुवातीलाच एक खुलासा. काकांच्या हातात जे कागद दिसताहेत, ती माझ्या भाषणाची प्रत आहे, चांगली ठळक, मोठ्या अक्षरांत. काकूंनी ताकीदच दिली होती. "तुम्ही माइकवर बोलणार, हॉल घुमणार आणि यांना नुसता गोंगाट ऐकू येणार. लिहून द्या." आता तुम्ही विचाराल, मशीन नाही का? आहे ना! उत्तम आहे, माझ्याच दुकानातलं आहे, आणि आत्ता या क्षणी त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. दुकानदाराचा याहून मोठा सत्कार तो काय असणार?

जरा थांबा, चष्मा पुसतो. मंडळी, आता मी जे बोलतोय ते प्रतीत नाही. काका मान खाली घालून वाचताहेत तेवढ्यात सांगून ठेवतो. मी चष्मा काढला की ते फक्त तुमच्यासाठी. समोरच्या टेबलावर रूळ मांडलेत, रुमालाखाली गाडी झाकलेली आहे. तिच्या शेवटच्या डब्यात एक आवाज असा आहे, की जो काकांना माहीत नाही. स्वतःच्या हातांनी बनवलेल्या डब्यातला! कसला, ते पुढे सांगतो. फक्त हसू नका, त्यांना लगेच संशय येईल. दुसरी रांग, तुम्हालाच म्हणतोय. चला, लावला चष्मा.

तर, काका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. क्लबात ज्याला त्याला इंजिन हवं असतं. काकांनी जन्मात इंजिनाला हात लावला नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "इंजिनाचं कौतुक करायला सगळं जग आहे. माणसं बसतात डब्यात." झालं, तेव्हापासून त्यांचं नाव बोगीकाका. काकूंना बोगीकाकू म्हणायचा प्रयत्न एकाने एकदाच केला. ते गृहस्थ आज आलेले नाहीत.

सायकलच्या दुकानावरची आपली ती जुनी खोली आठवते ना? एक खिडकी, तीही अर्धी उघडणारी, आणि खोलीभर झाळकामाचा वास. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे डबे सगळे एका साच्यातले. काका ते आणायचे, करवतीच्या पात्याने मधोमध कापायचे आणि त्यातून भलताच डबा उभा करायचे. खाण्याचा डबा, टपालाचा डबा, आजारी माणसांना झोपवून न्यायचा डबा. सुटे भाग मिळायचे कुठे तेव्हा? पेनाच्या रिफिली, पावडरच्या डब्याचा पत्रा, आणि दांड्यांसाठी काकूंचे केसांचे आकडे. काकूंना बरेच दिवस वाटत होतं, की आपले केस विरळ होताहेत म्हणून आकडे गळताहेत. शेवटी एका प्रदर्शनात त्यांनी पहिल्या वर्गाच्या डब्यात वाकून पाहिलं आणि भर गर्दीत ओरडल्या, "अहो, हे माझे आहेत!"

मग तो थ्री-डी प्रिंटर आला. पातळ रसायनाचे थरावर थर चढवून वस्तू उभी करणारा. काका खूश. म्हणाले, "आता तुझे आकडे सुटले." काकू म्हणाल्या, "आकडे सुटले, गॅलरी अडकली." कारण त्याच्या वासापायी काकूंनी तो घरात ठेवूच दिला नव्हता. त्या गॅलरीतून काय काय निघालं! फिरणारे पंखे, सामानाच्या जाळ्या, तांदळाएवढी दाराची कडी. छतातले पिवळे दिवे असे, की बघताना आपणच प्रवासात डुलक्या घेतोय असं वाटावं. मला अजूनही ते डबे पाहिले की लहानपणीचा प्रवास आठवतो. काही केल्या ते दिवस परत येत नाहीत, पण त्या खिडक्यांतून ते दिसायचे खरे.

दिवे झाले, मग काकांना आवाज हवा झाला. बोटाच्या पेरात मावेल असा स्पीकर शोधत ते माझ्या दुकानात आले आणि मी या क्लबात ओढला गेलो. चाकांचा ठेका, पंख्याची घरघर, वरच्या बर्थची साखळी हलल्याची किणकिण, सगळं त्या डब्यांतून यायचं. पुढे पुढे मात्र ते डबे मोठ्याने बोलायला लागले. एका प्रदर्शनात आपल्या अध्यक्षांनी गुण कापले आणि विचारलं, "हा दार लागल्याचा आवाज आहे की कपाट पडल्याचा?" आपण सगळे हसलो. वाटलं, वय वाढलं की माणसाला दणदणाट आवडायला लागतो.

मग एके दिवशी काका दुकानात आले. काउंटरवर डबा ठेवला. "स्पीकर मेलाय. बदलून दे. ब्रेकची किंचाळी येतच नाही." त्यांनी बटण दाबलं आणि अशी काही किंचाळी निघाली, की पहिलं मशीन घ्यायला आलेल्या एक आजी कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, बंद करा ते!" काका डब्यावर वाकलेले. बोटाने छत ठोकताहेत. मला म्हणाले, "बघ, काही नाही." रोज अशी माणसं बघतो मी. पण ती माझी कोणी नसतात.

मी त्यांना आत तपासणीच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बारीक आवाज दिला, थोडा मोठा दिला, आणखी मोठा दिला. काका शांतपणे खोलीच्या दाराची बिजागरी न्याहाळत बसले होते. बाहेर आल्यावर मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे स्पीकर चांगला आहे तर." डबा पिशवीत घातला आणि गेले.

त्यानंतर काकांनी काम सोडलं. मशीन घेतलं, पण त्यात गाडीचा आवाज पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा येतो, म्हणाले. खोटं नाही ते. मशीनने माणसांचं बोलणं कळतं, तेही समोरासमोर. बाकी जे गेलं ते मी काही परत देऊ शकत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मग मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. काकांनी सगळे डबे क्लबला देऊन टाकले, प्रिंटरही दिला.

आणि एक दिवस काकू दुकानात आल्या. हातात बुटांचं खोकं. म्हणाल्या, "यात एक डबा अर्धवट पडलाय. हा पुरा झाल्याशिवाय मी घर सोडणार नाही. मुलीला सांगितलंय, खोली तयार ठेव, तारीख विचारू नकोस."

मी म्हटलं, "काकू, पण काकांना आता…"

"त्यांना ऐकू येत नाही ना? मला येतं."

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस जेवलाय की नाही हे सांगतील. लग्न झालं तेव्हा काकांची नोकरी एका गावात, काकूंची दुसऱ्या. कितीतरी वर्षं काका दर शनिवारच्या गाडीने यायचे आणि काकू स्टेशनवर घ्यायला जायच्या. काका नेहमी शेवटच्या डब्यात, कारण बाहेर पडायचा रस्ता त्याच टोकाला. खोक्यातला डबा तो होता. इतके डबे केले माणसाने, आणि हा तेवढा मागे ठेवत आला होता.

काका आधी तयारच होईनात. "बहिऱ्याने गाणं बसवायचं का?" म्हणाले. काकूंनी जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली आणि तिथे डबा ठेवला. ज्या टेबलासाठी जन्मभर भांडल्या, ते त्यांनी स्वतः मोकळं करून दिलं. मग काका बसले. पंखे बसवले, दिवे बसवले. आठवणीतून आवाज जुळवले, मी ते संगणकावर बसवून दिले, आणि आम्ही काकूंना ऐकवले. काकू म्हणाल्या, "ही गाडी माझ्या ओळखीची नाही."

काका भडकले. "दर शनिवारी बसलोय मी त्या डब्यात!"

"बसला होतात ना? मी बाहेर उभी होते."

काकूंनी डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. आधी काहीच नसतं. मग रूळ कुजबुजतात. इंजिन धडधडत पुढे निघून जातं, त्याचं काही नाही. एकेक डबा जातो, आधीच्यापेक्षा हळू. शेवटच्या डब्याचं एक चाक झिजून चपटं झालेलं, ते ठेका चुकवतं. ते लंगडं चाक ऐकू आलं, की जीव भांड्यात. मग ब्रेक, मग दाराची कडी. "तुमचा पंखा मला कधी ऐकूच आला नाही हो," म्हणाल्या. "साखळी नाही, काही नाही. मी ऐकायचे ते हे."

काकांनी डबा उलटा करून शेवटचं चाक बोटाने फिरवलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी सगळे डबे आतून वाजवले. बघणारी माणसं तर बाहेर उभी असतात." मला सांगा, मंडळी, आपल्यापैकी कोणाच्या तरी डोक्यात हे आलं होतं का?

मग काम उलटं सुरू झालं. काका बटण फिरवायचे आणि काकूंच्या भुवयांकडे बघायचे. भुवई वर गेली, जास्त झालं. कपाळाला आठी, कमी पडलं. ज्या किंचाळीचा एक कणही काकांना ऐकू येत नाही, ती त्यांनी अशी जुळवली. मी शेजारी बसून चहा पीत होतो. तपासणीचं माझं सगळं महागडं सामान दुकानात आणि ऐकायचं काम चाललंय जेवणाच्या टेबलावर.

आता परत चष्मा. धूळ फार आहे हो या हॉलमध्ये. मंडळी, चेहरे गंभीर ठेवा. काकू, डोळे वटारू नका, सांगायची परवानगी तुम्हीच दिलीत. डबा पुरा झाला आणि दुसऱ्या दिवशी काकू एकट्या माझ्याकडे आल्या. "कडीच्या आवाजानंतर आणखी एक आवाज टाकायचाय. यांना सांगू नका." मी माइक दिला. आयुष्यभर टेलिफोनवर बोललेली बाई, पण माइक पुढे आला तर आधी पदर सारखा केला. दोनदा पाणी प्यायल्या. मग एकच शब्द बोलल्या. "आलात?"

मी विचारलं, "बस, एवढंच?" तर म्हणाल्या, "एवढंच असायचं. आठवडाभराचं साठलेलं असायचं हो, पण चारचौघांत तोंडातून एवढंच निघायचं. आणि हे काय म्हणायचे माहितीये? 'गाडी लेट होती.' गाडी अगदी वेळेवर असली तरी! दुसरं काही सुचायचंच नाही यांना." आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून उगाच एक कपाट आवरलं.

लावला चष्मा. काका बघताहेत.

काका, तुम्ही जाणार, याचा आम्हाला आनंद झालाय असं मी म्हणणार नाही. क्लबात इंजिनवाले खूप उरलेत, पण डब्यांकडे कोण बघणार? तुमचे सगळे डबे आम्ही जिवापाड जपू. हा शेवटचा मात्र तुमच्यासोबत जाईल, काकूंच्या पिशवीत. त्यावर चर्चा नाही.

गाडी सोडली की माझं कोणी ऐकणार नाही, म्हणून आभार आधीच मानतो. मला बोलायला उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे आणि क्लबचे आभार. आपण सगळ्यांनी निमूट ऐकलंत, हसू दाबलंत, त्याबद्दल आपले आभार. बोलण्याच्या भरात काही जास्त बोललो असेन, कोणाचं नाव राहिलं असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. आणि काका, जे तुमच्या प्रतीत नव्हतं, त्याची तुमच्याकडे वेगळी माफी मागतो. काकू सांगतील सगळं.

तेवढे पंखे बंद करा कोणीतरी. काका, शेवटचं पान उलटा. त्यावर एकच ओळ आहे, ती मी मोठ्याने वाचणार नाही. सोडा गाडी.

श्श. रूळ ऐकू येताहेत? इंजिन गेलं, जाऊ दे. पहिला डबा. दुसरा. हं, हे आलं लंगडं चाक. ब्रेक. कडी.

ऐकलंत ना? टाळ्या नकोत, थांबा. काका गाडीकडे बघतच नाहीयेत. त्या ओळीत तेवढंच लिहिलं होतं, 'कडी उघडली की काकूंकडे बघा.' काकू तोच शब्द पुन्हा म्हणताहेत, या खेपेला स्वतः. माइक नको त्यांना, काकांना ओठांवरून कळतंय.

काय म्हणालात काका? जरा मोठ्याने. मागच्या रांगेलाही ऐकू द्या.

मंडळी, काका म्हणताहेत, "गाडी लेट होती."

मी माइक बंद करतो. पुढचं त्यांचं त्यांना बोलू द्या. नमस्कार.