चाळिसावं नाव

हॅलो? हॅल्स्टन शाळेचं ऑफिस, आर्लीन बोलतेय…

क्रिस्टा होय. अगं, आहात कुठे तुम्ही मायलेकी? साडेनऊ वाजून गेले, टिल्डीचा पत्ता नाही. आजारीबिजारी आहे का पोर?

नाही ना? मग आण की तिला. आज मोजणीचा दिवस, आजच उशीर करायचं सुचलं तुला? दहाला मुख्याध्यापक म्हणून हॉवर्ड सही करणार, लगेच पट बिस्मार्कला, राज्याच्या ऑफिसात पाठवायचा. बाकी एकूणएक हजर आहेत. पॅनकेकचा वास सोडलाय ना सकाळपासून, कोण घरी राहील? ओल्सनांच्या धाकट्याला तर शेंबडाच्या धारा लागल्यात, तरी आईने आणून सोडला. म्हणाली, आज एक दिवस तुमचा, उद्यापासून झोपवते…

हो, हो… अगं ऐक ना. टिल्डीसाठी चार बाजूला काढून ठेवलेत. कडा करपलेले, तिला आवडतात तसे…

काय बघू? फॅक्स?

नाही बघितला. मघाशी बराच वेळ मशीन कुरकुरत होतं. तुला फोन लावायला गेले तर लाइन त्यानेच अडवलेली. किती वर्षं सांगतेय हॉवर्डला, त्या मशीनला वेगळी लाइन घे… थांब, बघते. वायर पुरत नाही. एक मिनिट… एक मिनिट हं, खिडकीशी कोणीतरी आलंय.

काय गं मेसी? दाखव बघू. पडला? अरे वा. ही घे दाताची डबी, नीट बंद कर, आणि झाकण दुपारपर्यंत उघडायचं नाही. पळ.

बोल. बालवाडीतली मेसी गं, पहिला दात. टिल्डीने माझ्याकडून अशा सहा डब्या नेल्यात, आठवतं?

हो, घेतला हातात. चष्मा कुठे… हं. रेड विलो शाळा. 'खालील विद्यार्थिनीने आमच्या शाळेत प्रवेश घेतला असून तिची कागदपत्रं…'

…

क्रिस्टा, हे काय आहे?

नाही, नाव वाचलं मी. मला वाचता येतं. माझ्या नातीचं नाव मला फॅक्सच्या कागदावर वाचायला लावतेस? पोटच्या पोरीने एक शब्द सांगू नये? रविवारी माझ्या टेबलाशी बसून जेवलात तुम्ही.

'सांगता आलं नाही' म्हणजे काय?

हे बघ, ऐक. तुला माहितीये पटावर किती आहेत ते. चाळीस. बरोबर चाळीस. एप्रिलच्या सभेत तूही माझ्या शेजारीच बसली होतीस. बोर्ड काय म्हणालं? चाळीसच्या खाली एक जरी गेला, तर जूनमध्ये कुलूप. सगळी मुलं बसमध्ये घालून रेड विलोला. बालवाडीतली ही मेसी, दात पडला म्हणून नाचतेय, ती सकाळी सव्वासहाला रस्त्यावर उभी राहणार. जानेवारीत. तुला आपल्याकडची जानेवारीतली थंडी माहितीये…

माहितीये, बत्तीस मैल आहेत. तू गाडीने नेशील. बाकीच्यांचं काय?

अगं, जिमची फरशी तुझ्या बापाने घातली. गुडघ्यावर रांगत, सबंध उन्हाळा. व्हरांड्यात फोटो आहेत बघ सगळ्या वर्गांचे. पहिल्या चौकटीत चौतीस जण, माझ्या वर्षी एकोणीस, तुझ्या वर्षी सात. शेवटच्या चौकटीत तिघं उभी आहेत, आणि फोटोवाल्याने मागे पडदा जास्त दिसू नये म्हणून त्यांना हात पसरायला लावलेत. मग वरचे वर्ग गेलेच. आता सहावीपर्यंतचे राहिलेत, तेवढे तरी राहू देत ना गं. गावातलं दुकान गेलं, बँक गेली. शाळा गेली तर इथे उरतं काय? धान्याची कोठारं आणि मी.

बरं, बरं. नाही चढवत आवाज. पण एवढं तरी कर… आजच्यापुरती आण तिला. मोजणी होऊ दे, उद्या खुशाल ने. एक दिवस, क्रिस्टा. तुझ्याकडे काही मागत नाही मी कधी.

का नाही? कारण तर सांगशील?

…

काय येत नाही?

काहीतरीच. टिल्डीला? वाचता येत नाही? अगं चौथीत आहे ती. सगळ्या प्रगतिपुस्तकांवर 'चांगली' आहे. मीच टाइप केलीत ना, माझ्या या दोन बोटांनी. वाचन, चांगली. लेखन, चांगली. मिसेस लुंडने खाली लिहिलंय, 'वर्गात असली की आनंद वाटतो'…

पॅनकेकचा डबा? मग? …तू म्हणालीस वाच, आणि ती चित्र बघून सांगत बसली? अगं, लाजली असेल. भूक लागली असेल.

हे बघ, मला नको सांगूस. दर रविवारी संध्याकाळी ती मला फोनवर वाचून दाखवते. तीन टोप्यांच्या कोंबडीचं पुस्तक. अख्खं. न अडखळता. कोंबडी तळ्याशी जाते तिथे आवाजसुद्धा बदलते. दोन वर्षं ऐकतेय मी, बहिरी नाही झाले अजून.

…पाठ? कोण म्हणालं पाठ आहे?

अगं पानं उलटल्याचा आवाज येतो मला…

हो, ते पुस्तक मीच दिलं. बालवाडीत होती तेव्हा. साथीमुळे शाळा बंद, आणि ती तुझ्या स्वयंपाकघरात त्या टॅबलेटसमोर बसून अक्षरं गिरवायची, बाई कधी दिसायची, कधी गोठायची. मी रोज रात्री तिला फोनवरून वाचून दाखवायचे. तेच पुस्तक…

थांब. थांब जरा.

मधली दोन पानं चिकटलीत त्याची. माझ्याच हातून सिरप सांडलं होतं, गेल्या नाताळात. कोंबडी तळ्याशी जाते ना, तीच पानं. सुरीने काढायला गेले तर फाटायला लागली, तशीच ठेवली…

…तीही वाचते ती मला. दर रविवारी.

आणि माझ्या डोक्यात नाही आलं, क्रिस्टा. मी इकडे खुर्चीत बसून हसायचे.

हां… आहे मी. आहे. बोल.

रेड विलोत तपासलं? कधी? …गेल्या सोमवारी. कितवीचं म्हणाले? …पहिलीची सुरुवात.

पहिलीची.

नाही, मिसेस लुंडला नको बोलूस. ती बिचारी बदली म्हणून आली, बहात्तर वर्षांची, घरी विणत बसली होती. त्या वर्गाला एका वर्षात तीन शिक्षिका झाल्या. पहिली लग्न करून मिनियापोलिसला गेली, दुसरी ख्रिसमसची सुट्टी लागली ती आलीच नाही. लुंड म्हणायची, आर्लीन, पोरांनी खूप सोसलंय, गुणांत तरी माया करूया. मला ते पटलं. मला वाटलं, काय बिघडतं.

…मे महिन्यातलं? राज्याच्या परीक्षेच्या निकालाचं?

…

हो, प्रत्येक घरी पाकीट जातं. तिसरीपासून पुढे.

तुला आलं नाही. बरोबर आहे.

क्रिस्टा, तू गाडी चालवत नाहीस ना? उभी केलीयस? बरं. मग ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही. पाकिटं सगळी माझ्या हातून जातात. तिसरीत सहा मुलं, सहा पाकिटं. पाच मी दप्तरांत घातली. टिल्डीचं इथे आहे. माझ्या खणात, दाताच्या डब्यांच्या खाली.

…

हो. उघडून बघितलं. वाफेवर. नंतर चिकटवलंसुद्धा पुन्हा.

कारण ब्रेट नुकताच घर सोडून गेला होता, तू रोज रडत होतीस. वाटलं, यात आणखी भर नको. …हे मी स्वतःला सांगितलं. पण खोटं आहे ते. तू एप्रिलमध्येच म्हणाली होतीस, टिल्डीचा निकाल वाईट लागला तर मी तिला रेड विलोला नेईन. ते माझ्या कानात बसलं होतं. मी चाळीस राखत होते गं. वाटलं, उन्हाळ्यात मी शिकवीन तिला, मोजणीआधी सगळं ठीक करीन. आणि उन्हाळ्यात काय केलं? रविवारी कोंबडी ऐकली.

बोल. जे बोलायचं ते बोल. मी ऐकतेय.

…हो.

…हो. चार महिने. त्या चार महिन्यांत काहीतरी करता आलं असतं. खरंय.

…नाही, 'आई' म्हणू नकोस वाटलं तर. ते पण चालेल.

बाकीच्या पाचांचं? कोणी फोन नाही केला. त्यातली तीन तशीच आहेत, मला माहितीये. प्रगतिपुस्तकावर 'चांगली' लिहिलं असलं की ते पाकीट कोण फोडतं? फ्रिजवर असेल चुंबकाखाली, जेवणाच्या यादीसोबत. आपण मुलांना वरच्या वर्गात ढकलत राहिलो, आणि आईबाप टाळ्या वाजवत राहिले. आणि मी टाइप करत.

…कोण, टिल्डी? ती तिथेच आहे? तिने हे ऐकलं का सगळं?

दे तिला. नाही, दे. रडत नाही मी.

हॅलो, माझी राणी. कुठे बसलीयस? …मागच्या सीटवर. पट्टा लावलाय ना? …हो, ठेवलेत पॅनकेक. करपलेले. मी आणून देईन संध्याकाळी.

काय गं? …कोणी सांगितलं तुला असं? …बसमध्ये. चाळीसला एक कमी पडला तर शाळा बंद, आणि तो एक म्हणजे तू.

नाही, चिमणे. हे तुझं ओझं नाही. ऐक माझं, तुझ्यामुळे काहीही बंद होत नाही. मोठी माणसं चुकली की मोठ्या माणसांनी निस्तरायचं. आजी चुकली. फार चुकली.

…नको, कोंबडीचं नको वाचूस आत्ता. छान वाचतेस, पण नको. मला दुसरं काही सांग. खिडकीतून काय दिसतं? …शाळेचं दार. काचेचं. त्यावर काही लिहिलंय का? …बघ बरं. एकेक अक्षर सांग, घाई नाही. आजीला वेळच वेळ आहे.

ओ… बरोबर. पुढे? …एफ. शाबास. …अजून एक एफ. हो, दोनदा असतं ते. …आय… सी… ई.

आता सगळं मिळून?

…

अंदाज नको करूस, राणी. 'ओपन' नाही. ते चित्र नाहीये ना तिथे, नुसती अक्षरं आहेत. …नाही येत? बरं. नाही येत तर नाही येत. रडू नको. मला सांगितलंस ना, नाही येत म्हणून, मला तेच हवं होतं.

ऑफिस. ते ऑफिस आहे, बाळा.

…हो. माझ्या दारावर पण तेच लिहिलंय. तसंच. काळ्या अक्षरांत.

…हो गं. रोज यायचीस त्यातून. इतकी वर्षं. आजीने तुला कधी विचारलंच नाही.

आत जा आता. तिथल्या बाई विचारतील, येतं का. तर खरं सांगायचं. येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं, मोठ्याने. कोणी 'चांगली' म्हणालं आणि तुला माहिती असेल की नाही, तर त्यांनाही सांगायचं. दे आईला.

क्रिस्टा… थांब, हॉवर्ड आला दारात. ठेवू नकोस.

काय हॉवर्ड? …हो, झाले दहा. …एकोणचाळीस.

एकोणचाळीस म्हणतेय. टिल्डी गेली. रेड विलोला. हा बघ फॅक्स.

…नाही. 'आजारी' नाही लिहायचं. ती आजारी नाहीये. …मला कळतं रे, तो कागद अजून मी बघितलाच नाही असं म्हणता येईल. उद्या बघितला म्हणता येईल. आपल्याला काय काय म्हणता येतं ते मला सगळं कळतं. पण त्या मशीनवर पोरीचं नाव आलंय आणि मी ते वाचलंय.

बस जरा. खुर्ची घे. …हो, जूनमध्ये. माहितीये मला जूनमध्ये काय होईल ते. तुला वाटतं मला दुःख नाही? एकतीस वर्षं मी या खिडकीत बसलेय. पण तिचं नाव मी घातलं होतं पटावर, मीच कमी करते. पेन दे. …तो नको, शाईचा दे.

…

झालं.

क्रिस्टा, आहेस ना? ऐकलंस? …हं. नको रडू. तू केलंस ते बरोबर केलंस. आईचं काम तू केलंस, मी नाही केलं.

कागदपत्रं आत्ता पाठवते. जन्मदाखला, लसी, सगळी प्रगतिपुस्तकं. आणि ते पाकीट. त्यातला कागद सगळ्यात वर ठेवते, त्यांना आधी तोच दिसायला हवा.

रविवारी… रविवारी करू देशील का तिला फोन? …नाही, मी मागत नाहीये. विचारतेय. वाचायला नको काही. नुसतं बोलेल. …बघू म्हणतेस. बरं. 'बघू' पण पुष्कळ आहे.

आता ठेव तू फोन. …अगं, रागाने नाही. मशीन आणि फोन एकाच लाइनवर आहेत ना, मी बोलत राहिले तर तिचे कागद जाणार नाहीत.

…तू ठेव ना आधी.

…बरं. मीच ठेवते.