काढताना आधी तार

माहं माहेर आखाडा बाळापूरचं, रोडला लागूनच घर, बाप आडतीवर हमाली करायचा, माय हळद शिजवायच्या कामाला जायची. दहावी झाले आन् कुरुंद्याला दिलं मला. लग्न विहारातच लागलं, साधंच. मालक रेल्वेत कायम व्हते, म्हणून बापाला लई आनंद झाला, पण नोकरी लांब, तिकडं खानदेशात, तिकडं पहिल्यापासून इजेवर गाड्या. आमच्या इकडं तवा डिझेलचंच इंजिन. मालक सहा-सहा महिने घरी येत नसत, आन् सासू, मी तिला आत्याबाई म्हणते, ती दारात बसून म्हणायची, आपल्याकडं तारा आल्या की माहा सुभाष घरी येतो बघ. आन् तसंच झालं ताई. खांब उभे राहिले, तारा ओढल्या, मालकाची बदली आमच्या लाइनीवर झाली. वसमतला बाजाराला गेलं की आत्याबाई फाटकापाशी मान वर करून तार बघायची आन् येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, हे माह्या लेकाचं काम हाय.

राशीदभाऊ मालकासंगंच व्हता, तारा दुरुस्त करायच्या एकाच टोळीत. वसमतचा माणूस, बापजाद्यांपासून तिथलाच. ईदला शीरखुर्म्याचा डबा त्याच्याकडून, चौदा एप्रिलला जेवायला तो आमच्याकडं. आत्याबाईला अम्मा म्हणायचा. ती म्हणायची, मला दोन लेकं हायेत, एक पोटचा, एक वसमतचा.

आता काय सांगू तुमाला, ते काम कसं असतं ते सांगितल्याबिगर पुढचं समजायचं न्हाई. वरची लाइन बंद केली, बंद केल्याचा कागद आला, तरी ती तार मेली असं धरायचं न्हाई. बाजूच्या रुळावरची तार जिती असती, तिचा करंट हिच्यात उतरतो, डोळ्याला काही दिसत न्हाई. म्हणून तो करंट रुळातून जमिनीत जावा यासाठी कामाच्या दोन्ही अंगाला एक-एक लांब दांडा लावायचा. दांड्याच्या शेंड्याला आकडा, त्याला जाड वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला चिमटा. लावताना आधी चिमटा रुळाला आवळायचा, मंग आकडा तारंला. काढताना उलटं, आधी तारंवरचा आकडा काढायचा, मंग रुळावरचा चिमटा. काढताना आधी तार. मालक नव्या पोरांकडून हे पाठ करून घ्यायचे, चालता-चालता बी इचारायचे.

त्या दिशी दुपारी काम सरलं, सगळे खाली उतरले, साहेबानं हात केला. तिकडच्या टोकाला राशीदभाऊ, त्यानं आपला दांडा काढला, बराबर काढला. इकडच्या टोकाला मालक. त्यायनं आधी रुळावरचा चिमटा सोडला. आकडा तारंवर, चिमटा हातात. संपलं.

पण गावात गोष्ट पोचली ती अशी, की राशीदनं दांडा काढला आन् सुभाष गेला. आत्याबाईनं तेवढंच धरलं. मालकाच्या पुण्यानुमोदनाला राशीदभाऊ आला, सतरंजीवर बसला, कोणी पाण्याचा गिलास दिला, आन् आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाली, ऊठ, माह्या लेकाला खाऊन माह्या घरचं पाणी पितो का. त्यानं गिलास खाली ठेवला आन् गेला.  मला बी तवा तेच खरं वाटलं.

मालकाच्या जागी मला घेतलं. ट्रेनिंग झालं आन् त्याच टोळीत आले मी. आत्याबाई म्हणाली, त्याच तारंखाली जाते का, काहून जाते, मी हळद काढून तुला सांभाळीन. पण माहं लेकरू शाळंत व्हतं, त्याच्यासाठी मी गेले.  आन् दांडा शिकवायला राशीदभाऊच. कसं लावायचं, कसं काढायचं, सगळं शिकवलं, खाली बघून शिकवायचा. शिकता-शिकता माह्या ध्यानात आलं, सगळे खाली उतरल्यावर एकानं दांडा काढला तर दुसरा मरत न्हाई. मी इचारलं, भाऊ, मंग त्या दिशी चुकलं कोणाचं. त्यानं दांडा खाली ठेवला. मंग म्हणाला, भाभी, घाईत व्हता तो. म्हटलं, मंग आत्याबाईला काहून सांगतलं न्हाई. म्हणाला, मायला लेकाची चूक सांगून काय करायचं, माह्यावर राग धरून ती जगून राहिली तर जगू द्या.

मी बी गप राहिले. रोज कामावरून आले की आत्याबाई इचारायची, तो हाय का अजून तिथं. मी म्हणायची, हाय. ती माह्या हातचा चहा बाजूला सारायची.

मंग यंदा राशीदभाऊनं बदलीचा अर्ज दिला. लांब कुठंतरी, जिथं कोणी ओळखत न्हाई. भाभी, म्हणाला, या लाइनीवर आता जीव रमत न्हाई. मला ते सहनच झालं न्हाई ताई. घर त्याचं वसमतला, म्हातारा बाप वसमतला, आन् हा माणूस आमच्या पायी गाव सोडायला निघाला व्हता.

रविवारी सकाळी आत्याबाईला अंगणात बसवलं. बांबू घेतला, त्याला आकडीसारखा खिळा ठोकला, दोरी बांधली. म्हटलं, ही कपडे वाळू घालायची तार म्हणजे वरची तार, हा हातपंप म्हणजे रूळ. दोरी हातपंपाला बांधली, बांबू तारंला अडकवला. आधी बराबर काढून दाखवलं, म्हटलं, राशीदभाऊनं असं काढलं. मंग परत लावलं आन् आधी हातपंपावरची दोरी सोडली. दोरीचं टोक माह्या हातात, बांबू वर लटकलेला. म्हटलं, आन् ह्यायनं असं.

आत्याबाई त्या दोरीकडं बघत बसली. मंग म्हणाली, तो तर दुसऱ्यांना शिकवायचा. म्हटलं, व्हय. म्हणाली, मंग घाई कशाची व्हती त्याला.  तीच म्हणाली, त्या दिशी मीच त्याला फोनावर फोन लावून राहिले व्हते, वसमतला डोळ्याच्या डॉक्टराकडं न्यायचं म्हणून. डॉक्टर उठून जाईल म्हणून.

असं म्हणून ती जी बसली ती ऊन अंगावर येईस्तोवर उठली न्हाई. मला वाटलं, काय केलं मी हे. एका माणसाचा डाग पुसायला गेले आन् म्हातारीच्या उरावर धोंडा ठेवला. दोन दिवस अन्न घेतलं न्हाई तिनं. तिसऱ्या दिशी म्हणाली, राशीदला म्हणावं जेवायला ये.

आला तो. त्याच जागी बसला. आत्याबाईनं सोत्ता पाण्याचा तांब्या भरून त्याच्या म्होरं ठेवला आन् त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाबा, तुला मी काय-काय बोलले, आन् फोन तर मी लावला व्हता. राशीदभाऊनं एकदा माह्याकडं बघितलं. मंग म्हणाला, अम्मा, कोणता फोन. कामावर फोन न्यायची परवानगीच न्हाई, सुभाषचा फोन तर गाडीत डब्याच्या पिशवीत पडला व्हता. त्यानं ऐकलाच न्हाई. तुमच्यामुळं काही झालं न्हाई.

आत्याबाई तवा रडली ताई. मालक गेले तवापासून ती रडली नव्हती.

राशीदभाऊनं अर्ज माघारी घेतला. आता आमी दोघं दोन टोकांना उभे राहतो, एका अंगाला तो, एका अंगाला मी. आत्याबाई दोन घास जेवते, माह्या हातचा चहा पिते, तिला शांत झोप लागती. बास, आणखी काय पाह्यजे मला. दवाखान्यात मालकाच्या शर्टाच्या खिशातून तो फोन काढून नर्सबाईनं माह्या हातात दिला व्हता, तवा राशीदभाऊ माह्या बाजूलाच उभा व्हता. आत्याबाईनं बोलावलं त्या दिशी तो जेवायला बसला, आन् मी काही न बोलता त्याच्या ताटात भाकर वाढली.