अळंबीच्या दोन पिशव्या

आमच्या घरात फ्रीजरवरून एकदाच भांडण झालं, तेही अळंबीसाठी.

पावसात वाडीतल्या वारुळावर अळंबी उगवली, ती मी टोपलीभर आणली. माझी मुलगी रोझ परदेशात असते. ती आमच्या गावी, वटारला, येते फक्त नाताळात, म्हणून सात वर्षं तिला अळंबी मिळाली नव्हती.

सून ग्रेसी म्हणाली, "बाबा, थोडी ताईंसाठी ठेवूया. धुऊन, कढईत पाणी आटवून, गार करून फ्रीजरमध्ये टाकते."

"शिजवून ठेवलीस तर चव काय राहणार? कच्चीच ठेव."

"कच्चीचा लगदा होईल, बाबा."

"पन्नास वर्षं अळंबी काढतोय मी. तू मला शिकवतेस?"

शेवटी निम्मी तिने तिच्या पद्धतीने ठेवली, निम्मी मी माझ्या.

नाताळात रोझ आली. मी ऐटीत माझी पिशवी सोडली. आत नुसता काळा, बुळबुळीत लगदा. ग्रेसीने आपली पिशवी काढून कालवण केलं.

रोझने पहिला घास घेतला. "बाबा, अगदी तीच चव! तुम्हीच ठेवली ना माझ्यासाठी?"

ग्रेसी माझ्याकडे बघत राहिली. मी खरं तेच सांगणार होतो. पण तोंडात घास होता.