न वाजवणारा माणूस पाहिजे

बुधवार, सकाळचे साडेदहा. गांधीबागेमागच्या गल्लीत भैयाजींचं बँडचं दुकान. भैयाजी पेटीवर बसलेले, नोकरी मागायला आलेला माणूस समोरच्या स्टुलावर.

— नाही येत ना? अजिबात नाही? नुसती मान नको हलवू गा, शपथ घे — बरं राहू दे, तोंडात सुपारी दिसते तुह्या. चघळ, चघळ. फुगलेला गाल आम्हाले चालते. चिठ्ठीत मधुसूदन लिहिलं आहे, तो तूच ना? ठीक. तर मधुसूदन, तुले क्लॅरिओनेट येत नाही, कॉर्नेट येत नाही, सुरातलं काही म्हणता काही कळत नाही — म्हणजे तू पास! हसतो काहून? मी चेष्टा नाही करून राहिलो. तुह्याआधी एक जण येऊन गेला, म्हणे पलटणीच्या बँडात सहा वर्षं वाजवलं. हाकलला त्याले. असले हुशार लोक मले नको.

आता समजून घे. उद्या काटोलले वरात आहे, मनोहररावांच्या पोराची. संत्र्याचे मोठे व्यापारी. बँड ठरवला एकवीस माणसांचा, अन् एकवीस म्हणजे एकवीस — हा माणूस संत्री मोजते तशी वरातीत डोकी मोजते. एक लाल कोट कमी दिसला तर भर मांडवात माही अब्रू काढीन, अन् काटोलात एकदा नाव गेलं की तिकडची सारी लग्नं गेली. मंग एकवीस वाजवणारे आणाचे कुठून? म्हणून नऊ वाजवणारे, बारा गुंगे. गुंगा म्हणजे — कोट तोच, टोपी तीच, बाजा खराखुरा, फक्त वाजवाचं नाही. गाल फुगवाचे, बोटं नाचवाची, जमलं तर डोळे मिटाचे. तोंड काहून वाकडं करतो? सारेच बँडवाले हे करतात. लोकाईले बँड पाह्यचा असते गा, ऐकते कोण?

पण गुंगाही माणूसच. वरात रंगात आली की त्याले फुंकावंसं वाटते. म्हणून मी काय करतो — हे पाहा, इथं तोंडाशी वेताची पातळ पत्ती बसते, ती थरथरली तरच आवाज निघते. गुंग्याच्या क्लॅरिओनेटातली ती पत्तीच मी काढून घेतो. आता फुंक किती फुंकतो ते, नुसती हवा! सात क्लॅरिओनेट गुंग्यांचे, सात पत्त्या ह्या तपकिरीच्या डबीत, अन् डबी माह्या खिशात. रुख्मिणी — बायको माही, आत आहे, ऐकूनच राहिली असंन — म्हणते, माह्या डागिन्याइतकं नाही जपत तुम्ही अन् ह्या डबीले जपता. जपाच लागते वं! रुपरावानं काय केलं विसरली का?

रुपराव म्हणजे आमचा जुना गुंगा. तीन वर्षं दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा. असे गाल फुगवे का नवरीकडच्या बाया त्यालेच बक्षीस देत. त्याले मी काय कमी केलं? दिवाळीले धोतर दिलं. माय आजारी पडली तं डाक्टर आणला — म्हणजे आणतो म्हणालो होतो, ते राहून गेलं — पण म्हणालो होतो ना! अन् हा माणूस तीन वर्षं शेजाऱ्याच्या बोटांकडे पाहून शिकून राहिला होता. माह्या कोटात उभा राहून! मागच्या आठवड्यात मंगळवारी इतवारी बाजारात वरात चालली, आमचे उस्ताद पुढे रोजचं वाजवून राहिले, तं मधातच दुसऱ्या ओळीतून असं काही निघालं — काय सांगू तुले, घोडा थांबला. नवरदेव लगाम ओढते अन् घोडा कान टवकारून उभा! म्हातारे नाचाले लागले. मागे जाऊन पाहतो तं रुपराव, डोळे मिटून. पत्ती कुठून आणली बे? तं पदरची, इकत घेतलेली. ओली झाल्याशिवाय ती बोलत नाही म्हणून घरूनच गालात धरून आला, अन् आम्ही समजलो सुपारी खाते! तिथंच कोट उतरवून घेतला त्याचा. नोकरी न वाजवाची, अन् हा वाजवते!

उस्ताद? उस्ताद रविवारी गेले. म्हणे, ज्याच्यानं घोडा थांबते त्याले हाकलणाऱ्यापाशी मी राहत नाही. त्यांच्यामागं बाकीचे आठ. म्हणजे वाजवणारे सध्या… हे बाहेर बोलाचं नाही बरं! येतील उद्यापर्यंत, न येऊन जातात कुठं? डोकी मात्र भरली. काल कापसाच्या बाजारातून नऊ धरून आणले, एकाले सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. तू एकविसावा. ढोल माह्या मेव्हण्याचा, तो वेगळा. अन् मी पुढे छडी घेऊन. — मले? मले कशाले आलं पाहिजे वाजवता? मी मालक आहो. सासऱ्याच्या बँडात अकरा वर्षं मीही दुसऱ्याच ओळीत — ते जाऊ दे. काय बोलून गेलो मी.

घे हा क्लॅरिओनेट, बिनपत्तीचा. धर. बोटं भोकांवर ठेव, मी तुह्या मापाचा कोट काढतो. हा खुंटीवरचा घट्ट होईन, तो खालचा —

हे काय? कोण वाजवून राहिलं? रुख्मिणी, खिडकी लाव वं, बाहेर कोणी —

तू?

थांबव! थांबव म्हणतो! हे तं तेच, घोड्याचं — आण तो बाजा इकडे. नोकरी मागाले आला अन् वाजवते! चालता हो. चल, ऊठ, नीघ माह्या दुकानातून!

…पाच, सहा, सात. सातही पत्त्या डबीतच आहेत.

मधुसूदन! ए मधुसूदन! थांब ना गा! — गेला. रुख्मिणी, कोणत्या गल्लीत वळला तो, पाह्यलं का?

उद्या पाच वाजता वरात आहे. कोट एकवीस आहेत.