साहेबांची उशी

...नाही, पण मला सांगा, साहेबानं फुकट उशी का द्यावी? का द्यावी?

तुम्हाला सांगतो, आमचा गाद्या-उशांचा कारखाना, मी शिवणखात्यात, अजून टेम्पररी, आणि यंदा कायम एकालाच करणार, मला नाहीतर शेजारच्या मशीनवरच्या जाड्याला! त्यात कंपनीनं टीव्हीवर जाहिरात आणली. कामगार कामावर झोपलाय, मॅनेजर येतो, मला वाटलं आता हाणतो टप्पल... तर छे! हळूच मानेखाली उशी सरकवतो नि म्हणतो, "झोपू दे, आपलाच माणूस आहे." आपलाच! अहो, आमचा साहेब मला 'ए निळा शर्ट' म्हणून हाक मारतो! पण आमची ही टीव्हीपुढे डोळे पुसतेय, "किती माया आहे हो तुमच्या साहेबांना!" म्हटलं, अगं बाई, तो नट आहे!

आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मशीनवर जरा डोकं टेकलं, तर मानेखाली काहीतरी मऊ... डोळा किलकिला करून बघतो, तर साक्षात साहेब! हसतायत! ज्या माणसाचे दात आम्ही कधी बघितले नव्हते, तो हसतोय! ऐन कायम करायच्या वेळी साहेब फुकट उशी देईल? झोपताना पकडायचं आणि घरी बसवायचं, दुसरं काय! ताडकन उठलो, उशी झटकली, दोन्ही हातांनी परत केली. "साहेब, मला झोपच येत नाही हो! घरीसुद्धा नाही!"

"घरीसुद्धा? आपल्या गादीवर?"

"आपल्याच गादीवर, साहेब!"

दात आत गेले.

मग उशी गेली शेजारी झोपलेल्या जाड्याकडे. तर त्या पठ्ठ्यानं कूस बदलली, उशी कवटाळली आणि असा घोरायला लागला, असा घोरायला लागला... मी मनात म्हटलं, गेला बिचारा कामावरून!

शनिवारी केबिनमध्ये बोलावलं. "जाड्याला कायम केलंय. त्याचा आपल्या मालावर विश्वास आहे. तुमचं बघू पुढच्या वर्षी." वर्षभर राबलो हो मी, रडूच यायचं बाकी होतं! आणि निघताना साहेबांनी हातात काय ठेवावं? तीच उशी!

घरी ही म्हणते, "बघा, किती माया!" माया? साहेबानं फुकट उशी का द्यावी? आत काहीतरी असणारच! घेतली कात्री, टराटरा उसवली, सगळा कापूस घरभर केला... काही नाही हो. नुसता कापूस. आणि शिवण बघतो, तर माझ्याच हातची.

मग काय करणार? बसलो, कापूस भरला, परत शिवली. तीसुद्धा फुकट!