शिबिर संपल्यावरचे शनिवार

वैजयंती: म्हणजे शिबिराचा तुमच्या भावाला उपयोग झाला, असं समजू ना मी? एकही शनिवार चुकवला नाही त्यांनी.

शांती: झाला बी आनि नाय बी. असं लिवता येतं काय तुमाला?

वैजयंती: अवघड आहे. पण तुम्ही सांगा, ताई. मी वाशीला कॉलेजात शिकवते, शिबिर घेणाऱ्या संस्थेची माणूस नाही. परत आलेल्या जवानांचं हे शिबिर पुढे चालवायचं की बंद करायचं, यावर माझं मत मागितलंय त्यांनी. म्हणून एकेका जवानाच्या घरी जातेय.

शांती: जवान कसला, बाई. माझा धाकटा भाव तो, वामन. कंपनीत फिटर. टेरिटोरियल आर्मीमदी नाव घातलेलं, म्हंजे वर्साला म्हयना-दोन म्हयने बंदूक धरायची, आनि परत येऊन पाना हातात घ्यायचा. आई बोलायची, हौस हाय पोराला, जाऊ दे. मंग पंच्यान्नव साली बोलावनं आलं आनि त्याची पलटन काश्मीरला गेली. दीड वरीस तिकडंच.

वैजयंती: आल्यावर कंपनीने लगेच कामावर घेतलं ना?

शांती: घेतला. पैल्याच दिशी शिफ्टचा भोंगा वाजला, तर वामन मशीनखाली जाऊन आडवा. पोरं हसली. दुसऱ्या दिशी एकानं मुद्दाम पत्र्यावर हातोडा मारला, काय करतो बगायला. घरी येऊन बोलला नाय काय. मना त्याच्या सायबानं सांगितलं. घरात जेवायला बसला तरी तोंड दाराकडं. दाराला पाठ म्हनून द्यायचा नाय.

वैजयंती: आणि मग शिबिर.

शांती: कंपनीनंच पाठवला. नेरुलच्या हॉलमदी, शनवारचा. मी इचारायची, काय शिकवलं रे? तर बोलायचा, डाक्टर येतो, राग कसा गिलायचा ते सांगतो. एकदा योगा. एकदा ब्यांकेचा मानूस, धंद्याला कर्ज कसं काढायचं. त्याला कुटं धंदा करायचा व्हता? पन मदी चहाची सुट्टी व्हायची. तिथं त्याला दिघ्याचा ज्ञानू भेटला. तो बी काश्मीरलाच व्हता, दुसऱ्या पलटनीत. त्या दिशी वामन घरी आला तो हसतच. बोलला, ताय, ज्ञानू झोपताना बूट उशाला घेतो. मी बोलले, त्यात हसायचं काय? तर बोलला, मी बी घेतो.

वैजयंती: चहाच्या सुट्टीबद्दल मला एकही प्रश्न दिलेला नाही त्यांनी.

शांती: चहाला कोन इचारतो, बाई. शेवटच्या शनवारी हार घातले, सर्टिफिकेट दिलं, संपलं. पुढच्या शनवारी वामन अंघोल करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी बोलले, अरे, संपलं ना तुजं? बोलला, जरा जाऊन येतो. असे बरेच शनवार गेले. मना वाटलं, बाटलीचा नाद लागला. म्हनून एकदा मागून गेले.

वैजयंती: कुठे जायचे?

शांती: हॉलवरच. आत कोनाचं तरी लगीन, ब्यांड वाजतोय, आनि हे सात-आठ जन गेटच्या बाहेर टपरीवर चहा पितायत. कोन कोनाशी जास्त बोलत बी नाय. मी तशीच मागं फिरले.

वैजयंती: आणि हे असंच चालू राहिलं?

शांती: कसलं. लग्नवाल्यांनी तक्रार केली, गेटवर टोलकं असतं म्हनून. हवालदार आला. वामन त्याला बोलला, साहेब, आमी शिबिराचे. तो बोलला, शिबिर कवाच संपलं, इथं थांबायचं नाय. लष्करातली मानसं, हुकूम आयकायची सवय. गेली आपापल्या घरी. मंग वामन संस्थेच्या हापिसात गेलेला, ज्ञानूचा पत्ता मागायला. दर शनवारी भेटायचे, तवा पत्ता कोन इचारतो? तिथल्या बाईनं नाय दिला. नियम हाय, बोलली.

वैजयंती: आहे तसा नियम. तिथं बोललेलं बाहेर जाऊ नये, म्हणून केलेला.

शांती: असंल. चांगल्यासाठीच असंल. आमी दोगं दिघ्याला गेलो. नुसतं ज्ञानू बोलून कोन सांगनार तिथं? खोलीला खोली चिकटलेली. दर रविवारी एक गल्ली धरायचो. शेवटी गोजराबाई म्हनून घरमालकीन भेटली. बोलली, उशीर केलात. त्यानं सोताचं बरंवाईट करून घेतलं. बायको गावावरनं आली, सामान घेऊन गेली. खोलीत दुसरा भाडेकरी बी आला.

वैजयंती: उद्या मी दिघ्याला जाणार होते. त्यांच्याचकडे. संस्थेत मला सांगितलं, सगळ्यांत चांगला सावरला तो ज्ञानू.

शांती: व्हताच तो सावरलेला. शनवारचा.

वैजयंती: वामनदादा काय म्हणाले?

शांती: घरी आल्यावर एवडंच इचारलं, त्याला आपलं घर ठावं असतं तर आला असता ना, ताय?

(वामन खाडीवरून येतो. खांद्यावर ओलं जाळं.)

वामन: कोन आलंय, ताय?

शांती: शिबिराच्या बाई. कसं काय चाललंय ते इचारायला आल्यात.

वामन: परत सुरू व्हतंय?

वैजयंती: ठरायचंय, दादा. मी लिहिणार आहे, व्याख्यानं कमी करा, पण हॉल बंद करू नका. ऐकतीलच असं नाही.

वामन: तुमी लिवा.

वैजयंती: काल मी घणसोली गावात गेले होते, तुमच्या शिबिरातल्या शहाजींकडे. उंच आहेत बघा, एका कानाने कमी ऐकू येतं.

वामन: शहाजी. हाय ना तो?

वैजयंती: आहेत. फारसं बोलले नाहीत माझ्याशी.

वामन: आमच्याशी बी नाय बोलायचा. पन कप धुवायला सगल्यात आदी उटायचा.

वैजयंती: देवळाच्या मागे पिठाची गिरणी आहे. तिच्यावरची खोली.

शांती: बाई, तुमचा नियम?

वैजयंती: असू दे, ताई.

वामन: आज असंल काय तो घरी?

वैजयंती: असतील. सुट्टी आहे म्हणाले.

शांती: जालं ठेव हितं. मी बगते ते.

वामन: जेवायला थांबू नको, ताय. आपलं घर कुटं हाय, ते सांगून येतो त्याला.