हात थरथरले आणि मी दारुडा ठरलो

अरे, मागच्या वर्षी चाकणच्या आमच्या कंपनीत सगळे मला दारुडा समजायला लागले होते. हात थरथरायचे, बसल्या जागी घाम फुटायचा, दोन माणसांचा डबा खाऊनही पँट कमरेवरून घसरायची. एक दिवस सुपरवायझरनं मला मशीनवरून उतरवलं. "खरं सांगा राव, सकाळी सकाळी घेऊन येता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं थेट कंपनीच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी नाडी बघितली, गळा चाचपला. "दारूबिरू काही नाही. थायरॉइड जास्त काम करतोय असं वाटतंय. रक्त तपासा."

रिपोर्टही तसाच आला. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि बायकोला समजावलं, "गळ्यातली ग्रंथी जास्त हार्मोन सोडतेय. त्यानंच धडधड, थरथर, चिडचिड होते. गोळ्या लिहून देतो, त्या मनानं बंद करायच्या नाहीत."

चार महिन्यांत वजन भरलं, हात थांबले, रिपोर्ट नॉर्मल आला. बायको मात्र डॉक्टरांना म्हणाली, "परत एकदा तपासा ना. चिडचिड अजून तशीच आहे."

"आजाराच्या आधी कसे होते?"

"असेच."

डॉक्टर म्हणाले, "मग वहिनी, तो थायरॉइड नाही. हा स्वभाव आहे."